फार्नबी: एका पोथीवर तगलेला संगीतकार

तुमचं म्हणणं थोडक्यात असं. वय चाळिशीचं, तीन वर्षं डिजिटल पियानो शिकताय. एका संग्रहात 'जाइल्स फार्नबीज ड्रीम' नावाची छोटीशी रचना सापडली आणि ती डोक्यातून जाईना. शिकवणाऱ्यांना दाखवली तर ते म्हणाले, "किरकोळ संगीतकार आहे, त्यात वेळ घालवू नका, बाख करा." तुम्ही शोधायला गेलात तर माहिती हाताला लागली ती चार ओळींची: लंडनचा, सुतार होता, १६४० मध्ये वारला. म्हणून तुमचे तीन प्रश्न: हा माणूस कोण, तो किरकोळ का मानला जातो, आणि त्याचं संगीत आपल्या पियानोवर वाजवावं का, वाजवायचं तर ते सुरांच्या दांड्यांवरच्या तिरप्या रेघांसकट कसं. शेवटी तुम्ही सहज लिहिलंय की घरात मुलीची पेटी आहे, तिचं काही करता येईल का. त्याचंही उत्तर देते, पण शेवटी.

मी पियानो शिकवते. मधली काही वर्षं हार्प्सिकॉर्ड, म्हणजे तारा छेडून वाजणारं पियानोच्या आधीचं कीबोर्ड वाद्य, शिकण्यात गेली आणि आता पुण्यात माझ्याकडे त्याच जातीचं एक छोटं व्हर्जिनल आहे. फार्नबी मी पंधरा-वीस वर्षं वाजवतेय, विद्यार्थ्यांनाही देते. त्यामुळे पुढे लिहितेय त्यातला चरित्राचा भाग नोंदींवरून आहे आणि वाजवण्याचा भाग माझ्या सवयींवरून. दुसरा एखादा जाणकार तुम्हाला वेगळं सांगेल आणि तोही चुकीचा नसेल.

आधी तुमच्या प्रश्नाची गाठ सोडवू. "किरकोळ आहे का" असं विचारताना तुमच्या मनात खरं हे आहे की मला जे आवडलं ते आवडण्याजोगं आहे ना. त्याला माझ्याकडे सरळ उत्तर आहे: आहे. पण तुमच्या शिक्षकांचं म्हणणंही मला समजतं. परीक्षा सहा महिन्यांवर असेल, अभ्यासक्रम ठरलेला असेल, रोज हातात जेमतेम अर्धा तास असेल, तर त्या अर्ध्या तासात काय बसवायचं हा निर्णय परिस्थितीवर अवलंबून आहे. तो मी इथून घेऊ शकत नाही. माझा आक्षेप फक्त 'किरकोळ' या शब्दाला आहे, कारण तो शब्द कुठून आला ते पाहिलं की त्याचा संगीताशी संबंध फार कमी निघतो.

फार्नबीचा जन्म १५६३ च्या सुमाराचा. बाप थॉमस लंडनमध्ये जॉइनर होता. जॉइनर म्हणजे घराचे वासे-तुळया चढवणारा सुतार नव्हे. लाकडात खाचा पाडून, एकात एक बसवून पेट्या, कपाटं, भिंतींचे लाकडी तक्ते करणारा कारागीर. लंडनमध्ये या धंद्याची स्वतंत्र संघटना होती आणि जाइल्सही तिच्यातलाच. नात्यातला एक निकोलस फार्नबी व्हर्जिनल तयार करायचा. व्हर्जिनल हीसुद्धा शेवटी लाकडाची पेटीच, त्यामुळे या घरात सुतारकी आणि वाद्य एकाच अंगणात असणार असं मानायला हरकत नाही. मात्र यापुढे मी जात नाही. 'सुतार होता म्हणून त्याचं संगीत रंधा मारल्यासारखं घोटीव आहे' अशी वाक्यं तुम्हाला कुठेतरी भेटतील. ऐकायला गोड आहेत, पण लंडनच्या त्या संघटनांत बापाच्या हक्काने पोराचं नाव लागायचं आणि नाव लागलं म्हणजे तो रोज करवत चालवत होता असं सिद्ध होत नाही.

१५८७ मध्ये त्याचं लग्न झालं. १५९२ मध्ये ऑक्सफर्डची संगीताची पदवी मिळाली, तेव्हा बारा वर्षं संगीताचा अभ्यास केल्याचं त्याने अर्जात म्हटलं होतं. त्याच वर्षी छापल्या गेलेल्या एका मोठ्या स्तोत्रसंग्रहात त्याने काही चालींना चार आवाजांची बांधणी करून दिली. १५९८ मध्ये त्याचं स्वतःचं पुस्तक निघालं, चार आवाजांत गायच्या वीस कॅन्झोनेट (छोटी, हलकी गाणी) आणि शेवटी आठ आवाजांचं एक गीत. त्या पुस्तकाच्या सुरुवातीला स्तुतीपर कविता लिहिणाऱ्यांत जॉन डाउलंड आहे, म्हणजे ल्यूट या तंतुवाद्याचा त्या काळचा सगळ्यात नावाजलेला वादक. ज्याच्या पुस्तकाला डाउलंड चार ओळी लिहून देतो, तो माणूस आपल्या शहरातल्या संगीतकारांना चांगला ठाऊक होता.

मग सतराव्या शतकाच्या सुरुवातीला तो लंडन सोडून लिंकनशायरला गेला. तिथल्या एका सरदारघराण्यातल्या मुलांना संगीत शिकवायचं काम त्याच्या घराला मिळालं होतं आणि मुलगा रिचर्डही त्यात होता. पुढे कुटुंब लंडनला परत आलं आणि नोव्हेंबर १६४० मध्ये क्रिपलगेटच्या सेंट जाइल्स चर्चमध्ये त्याच्या दफनाची नोंद झाली.

या सगळ्यात एक गोष्ट दिसत नाही, ती बघा. राजाच्या चॅपलची नोकरी नाही, कुठल्या कॅथेड्रलचं ऑर्गन नाही, दरबारी पद नाही. त्याच काळचा संगीतकार विल्यम बर्ड चॅपल रॉयलमध्ये, म्हणजे राजाच्या चॅपलमध्ये, होता आणि १५७५ पासून त्याच्याकडे व टॅलिस या संगीतकाराकडे संगीत छापण्याचा सरकारी मक्ता होता. जॉन बुल चॅपल रॉयलचा ऑर्गनवादक होता आणि ग्रेशॅम कॉलेजचा संगीताचा पहिला प्राध्यापकही. इंग्लंडमध्ये कीबोर्डचं संगीत पहिल्यांदा छापून आलं ते १६१२-१३ च्या सुमारास, 'पार्थेनिया' नावाच्या पुस्तकात, तांब्याच्या पत्र्यावर कोरून. त्यात तीन नावं आहेत: बर्ड, बुल, गिबन्स. फार्नबी तेव्हा पन्नाशीचा होता, कीबोर्डसाठी भरपूर लिहिलेलं होतं, पण त्यातलं काही त्यात नाही. त्याच्या हयातीत त्याचं कीबोर्डचं संगीत छापलं गेलंच नाही.

माझं मत असं की 'किरकोळ' हा शिक्का इथून बसला. ज्यांच्याकडे पद होतं त्यांची कागदपत्रं राहिली, छापील पुस्तकं राहिली, शिष्य राहिले, आणि इतिहास लिहिणाऱ्यांनी त्यांच्याभोवती प्रकरणं लिहिली. फार्नबीचं कीबोर्डचं संगीत राहिलं ते एका हस्तलिखितामुळे.

ते हस्तलिखित म्हणजे फिट्झविल्यम व्हर्जिनल बुक. एकूण २९७ रचना. बर्डच्या ७० च्या आसपास, बुलच्या ४५ च्या आसपास आणि फार्नबीच्या ५२. त्या बाहेर त्याचं कीबोर्डचं म्हणून जवळजवळ काहीच नाही. म्हणजे ही एक वही कुठल्याशा आगीत गेली असती तर बर्ड आणि बुल इतर वह्यांतून आपल्यापर्यंत आले असते, फार्नबी मात्र फक्त कॅन्झोनेटवाला म्हणून उरला असता. ही वही कोणी उतरवली? फ्रान्सिस ट्रेजियन नावाच्या कॅथलिक माणसाने, सरकारी चर्चला शरण न गेल्यामुळे आणि कर्जापायी फ्लीट तुरुंगात पडला असताना, असं फार वर्षं सांगितलं गेलं. अलीकडे हस्ताक्षराच्या अभ्यासकांनी त्यावर प्रश्न उभे केले आहेत. एके काळी तिला 'राणी एलिझाबेथचं व्हर्जिनल बुक' म्हणत, तेही खरं नाही. राणी १६०३ मध्ये गेली आणि वहीतला काही मजकूर त्यानंतरचा आहे.

अठराव्या शतकात ही वही पेपुश नावाच्या संगीतकाराकडे होती. त्याची बायको मार्गारिता द लेपिन ही नामवंत गायिका आणि कीबोर्डही चांगलं वाजवणारी, पण वहीतली अगदी पहिली रचना, बुलची 'वॉल्सिंगहॅम', वर्षानुवर्षं घासूनही तिला मनासारखी बसली नाही असं सांगतात. ती उघडून बघा एकदा, एका चालीची तीस व्हेरिएशन्स आहेत, म्हणजे तीच चाल तीस तऱ्हांनी. पुढे वही लॉर्ड फिट्झविल्यमकडे गेली, त्याने १८१६ मध्ये आपला सगळा संग्रह केंब्रिज विद्यापीठाला दिला आणि आज ती तिथल्या फिट्झविल्यम म्युझियममध्ये आहे. फुलर मेटलंड आणि बार्कली स्क्वायर या दोघांनी ती संपूर्ण छापली, काम पुरं झालं १८९९ मध्ये. म्हणजे फार्नबी मेल्यानंतर अडीचशेहून जास्त वर्षांनी त्याचं 'ड्रीम' कुठल्याही घरातल्या स्टँडवर येऊ शकलं. तुमच्या संग्रहातलं पान हे बहुधा त्याच छपाईचं लेकरू आहे.

चरित्र इथे संपवते. आता संगीत.

फार्नबीची खासियत छोट्या रचनांत आहे आणि त्यांच्या नावांपासून ती सुरू होते. 'ड्रीम', 'हिज रेस्ट', 'हिज ह्यूमर', 'फार्नबीज कन्सीट', 'अ टॉय': माझं स्वप्न, माझा विसावा, माझी लहर, माझी एक कल्पना, एक खेळणं. यातल्या पहिल्या तीन त्या वहीत एकापाठोपाठ एक आहेत, त्या मी एका बैठकीतच वाजवते. त्या काळी बहुतेक रचनांवर नाचाचं नाव असायचं किंवा ज्याला अर्पण केली त्या बड्या माणसाचं. हा माणूस रचनेवर स्वतःचं नाव आणि स्वतःची अवस्था लिहितो. 'हिज ह्यूमर'मध्ये तर खरंच लहर आहे. साधी सरळ सुरुवात, मग मध्येच सूर अर्ध्या अर्ध्या पायरीने सरकायला लागतात आणि पुढे सा रे ग म प ध अशी सहा सुरांची शाळकरी शिडी येते. प्रत्येक तुकडा जेमतेम चार श्वासांचा. दुसऱ्या बाजूला लंडनच्या रस्त्यावरच्या चाली: 'टॉवर हिल', 'पॉल्स व्हार्फ' म्हणजे थेम्सकाठचा धक्का, 'रोझासोलिस' म्हणजे एक मद्य. आणि 'लोथ टू डिपार्ट', ज्याला आपण 'पाय निघत नाही' म्हणू. ही एका लोकप्रिय चालीवरची व्हेरिएशन्स आहेत आणि माझ्या लेखी त्याची सर्वांत सुंदर रचना.

त्याचे दोष लपवत नाही. मोठ्या फँटसियांत, म्हणजे मुक्त बांधणीच्या लांब रचनांत, तो पसरतो. एक सूत्र हातात घेऊन दहा मिनिटं बांधून ठेवायची बर्डची ताकद त्याच्याकडे नाही. दोन आवाज एकमेकांवर आदळतात अशा जागा आहेत, ज्या बर्डने खोडून पुन्हा लिहिल्या असत्या. तुम्ही त्याची फँटसिया घेऊन आला असता तर मीही कदाचित म्हटलं असतं, थांबा, आधी बर्ड करा. पण तुम्ही 'ड्रीम' घेऊन आलात, आणि तिथे तो कोणाच्या मागे नाही.

आता तुमच्या पियानोवर हे कसं आणायचं. त्यासाठी मूळ वाद्य कसं चालतं ते डोळ्यांसमोर हवं. व्हर्जिनल म्हणजे टेबलावर ठेवायची चपटी पेटी, तारा पट्ट्यांना आडव्या. पट्टी दाबली की तिच्या दुसऱ्या टोकावरची एक बारीक लाकडी पट्टीवजा काठी वर उचलली जाते, तिला जॅक म्हणतात. जॅकच्या वरच्या टोकाला एक छोटी हलती जीभ, तिच्यात पक्ष्याच्या पिसाच्या देठाचा टोकदार तुकडा. हा तुकडा तारेला छेडतो, सतारीच्या नखीसारखा, एकदाच. बोट सोडलं की जॅक खाली येतो, जीभ मागे कलते, पीस तारेला न छेडता निसटतं आणि जॅकच्या कापडाची चिंधी तारेवर टेकून आवाज बंद होतो. जीभ परत जागेवर आणायला मागे डुकराच्या केसाची स्प्रिंग असायची. माझ्या वाद्यात पिसाऐवजी प्लास्टिक आहे. तरी जुलैत पुण्याची हवा ओली झाली की लाकूड फुगतं, एखादा जॅक आपल्या भोकात अडकून वरच राहतो आणि तो सूर दुसऱ्यांदा वाजतच नाही. मग जॅक काढून, कोरड्या बोटाने चाचपून, कुठे घासतोय ते शोधावं लागतं. असं दहा वेळा केल्यावर एक गोष्ट हाताला कळते. आवाज जन्मतो तो पीस तारेवरून सुटण्याच्या त्या एका क्षणात. जोरात दाबून तो मोठा होत नाही.

ही गोष्ट मराठी घरात समजावणं सोपं आहे, कारण पेटीची पट्टीही तशीच. पेटीवर जोर भात्यात असतो, पट्टीत नाही. व्हर्जिनलला तर भाताही नाही. म्हणजे महत्त्वाचा सूर महत्त्वाचा वाटवायचा तर दोनच मार्ग: त्याच्या आधी किंचित थांबा, किंवा तो किंचित जास्त वेळ धरून ठेवा. तुम्ही तुमच्या पियानोवर पहिला आठवडा मुद्दाम सगळे सूर एकाच जोरात वाजवा, आणि 'ड्रीम'ची ओळ फक्त वेळेच्या जोरावर बोलती होते का बघा. अनेक डिजिटल पियानोंत हार्प्सिकॉर्डचा आवाज असतो, बऱ्याचदा त्यात जोराचा फरक पडत नाही, तो लावलात तर काम आणखी सोपं. मग पियानोच्या आवाजावर परत या आणि हवा तेवढा चढउतार घाला. पियानोवर पियानोसारखं वाजवायला माझी ना नाही, फक्त क्रम उलटा नको.

पेडल अजिबात नको. सूर मागे रेंगाळायला हवे असतील तर बोटं पट्टीवर धरून ठेवा. हे मी स्वतः चुकून शिकले. सुरुवातीच्या काळात एका छोट्या मैफलीत मोठ्या ग्रँड पियानोवर 'ड्रीम' वाजवली, भरपूर पेडल, प्रत्येक रेघेवर अलंकार. घरी आल्यावर ध्वनिमुद्रण ऐकलं तर मधला आवाज, ज्यात सगळी जादू आहे, तो कुठे ऐकूच येत नव्हता.

त्या रेघांबद्दल. सुराच्या दांडीवर कधी एक तिरपी रेघ, कधी दोन. त्यांचा अर्थ सांगणारा तक्ता त्या वहीत नाही, म्हणून आजचे वादक आपापल्या समजुतीने वाजवतात. माझी पद्धत सांगते. दोन रेघा असतील तिथे मी छोटी थरथर घेते, मुख्य सूर आणि वरचा, दोन-तीन हेलकावे. एक रेघ असेल तिथे खालून चटकन वर चढते. आपल्याकडचे कण आणि मुरकी आठवा. त्यांच्यासारखंच इथेही सूर नेमके किती घेतले त्यापेक्षा ते चालीच्या अंगाने आले की वरून चिकटवले ते कानाला आधी कळतं. पहिले दोन आठवडे सगळ्या रेघा सोडून द्या. ओळ साधी पाठ होऊ द्या. मग लांब सुरांवरच्या तेवढ्या घ्या. जिथे बोट अडखळतं तिथली रेघ बिनदिक्कत गाळा.

बोटांबद्दल एक प्रयोग. त्या काळी उजव्या हाताने चढताना अंगठा खालून घालायची आजची सवय नव्हती, ३-४-३-४ असं जायचे, मधलं बोट वजनाच्या सुरावर. तुम्ही एकदा तसं करून बघा. जमायला विचित्र वाटेल, पण सूर आपोआप दोन-दोनच्या जोड्यांत पडतात आणि धावत्या जागा यंत्रासारख्या सपाट राहत नाहीत. ते ऐकून झालं की तुमच्या नेहमीच्या बोटांनी तोच परिणाम आणा. कायम जुनीच बोटं वापरा असं मी म्हणत नाही.

डाव्या हाताची एक अडचण पुढे येईल, ती आत्ताच सांगते. या वहीत काही ठिकाणी डाव्या हाताला दहा सुरांचं अंतर एकदम धरायला सांगितलं आहे आणि विद्यार्थी म्हणतात की या लोकांचे हात केवढे होते. हात आपल्याएवढेच होते. वाद्याचं सर्वांत खालचं सप्तक वेगळं लावलेलं असायचं. सर्वांत खालची पट्टी दिसायला ई, पण वाजायची सी. त्या सप्तकातल्या एफ शार्पच्या काळ्या पट्टीवर डी, आणि जी शार्पच्या पट्टीवर ई. खालच्या टोकाला जे सूर फारसे लागत नाहीत त्यांच्या जागा वाचवायची ही युक्ती. त्यामुळे ई ते ई एवढाच हात पसरला की खाली सी वाजायचा आणि वर ई, म्हणजे दहावा सूर हातात. तुमच्या पियानोवर असं येईल तिथे खालचा सूर किंचित आधी वाजवून हात वर न्या.

आता मला सर्वांत जवळची गोष्ट. तुमच्या पियानोच्या मेनूत 'टेम्परमेंट' (सूर लावण्याची पद्धत) नावाचा पर्याय असेल तर तो उघडा आणि 'मीनटोन' ही जुनी पद्धत निवडा, आधारसूर सी ठेवा. सगळ्या मॉडेलांत नसतो, पण बऱ्याच जपानी पियानोंत असतो. मग सी आणि ई एकत्र दाबून धरा. आजच्या पियानोचा तो गंधार शुद्ध नैसर्गिक गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो, सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग. पेटीवर गायला बसणाऱ्यांची जुनी तक्रार हीच, की पेटीचा गंधार तंबोऱ्याच्या गंधाराशी जुळत नाही. तंबोरा छान लागला की षड्जाच्या तारेतूनच जो गंधार आपोआप ऐकू येतो, मीनटोनमधला गंधार तोच आहे. फार्नबीच्या काळची कीबोर्डं अशीच किंवा याच्या जवळपास लावली जायची. तुम्ही ही सोय लावून 'ड्रीम'चा शेवटचा स्वरमेळ धरलात की तो अंगावर येत नाही, बसतो, स्थिर होतो. याची किंमतही आहे. जी शार्प म्हणून लावलेली पट्टी ए फ्लॅट म्हणून वापरली तर कानाला टोचते. म्हणून त्या काळचे लोक काही सुरांच्या वाटेला जायचेच नाहीत, आणि 'ह्यूमर'मधली ती अर्ध्या सुरांची वाट मीनटोनमध्ये का दचकवते तेही तुम्हाला तिथेच कळेल.

इथपर्यंतचं हाताशी ठेवायचं तर: आधी एकाच जोरात, पेडलशिवाय, रेघांशिवाय. मग लांब सुरांवरचे अलंकार. मग मीनटोन लावून ऐकणं. बोटांचा प्रयोग मध्ये कुठेही.

कुठल्या क्रमाने पुढे जायचं हे तुमच्या हातावर आहे. 'ड्रीम'नंतर मी 'अ टॉय' देते, कारण तिथे हात मोकळा होतो. मग 'हिज रेस्ट'. 'लोथ टू डिपार्ट' घाईने घेऊ नका. तिथे प्रत्येक व्हेरिएशनमध्ये चाल तीच राहते आणि तिच्याभोवतीची वीण दाट होत जाते. आपल्याकडे ठाय चाललेली बंदिश दुगुनीत, चौगुनीत जाते तेव्हा ठेका तोच राहतो आणि मात्रेत मावणारं वाढतं, तसा थोडा अनुभव आहे. पहिल्या व्हेरिएशनची गती ठरवण्याआधी शेवटचं उघडून बघा, तिथले धावते सूर ज्या गतीला स्वच्छ येतील तीच गती सुरुवातीची. विद्यार्थी हे उलटं करतात आणि मध्येच दम लागून थांबतात. रिचर्डच्याही चार रचना त्याच वहीत आहेत, बापाच्या तालमीत वाढलेल्या पोराचा हात ऐकायचा असेल तर त्या बघा.

नोटेशनसाठी १८९९ ची ती छपाई आता स्वामित्वहक्कातून मुक्त आहे, कायदेशीरपणे मोफत मिळते आणि शिकायला पुरते. जास्त काटेकोर हवी असेल तर 'म्युझिका ब्रिटानिका' या मालेचा चोविसावा खंड फक्त फार्नबी बापलेकांचा आहे, पण तो महाग, ग्रंथालयात मिळाला तर बघा. ऐकायचं तर हार्प्सिकॉर्डवरच्या वादनाबरोबर दोन वेगळ्या वाटाही ऐका. एडमंड रब्राने १९३९ मध्ये या रचनांवर ऑर्केस्ट्रासाठी 'फार्नबी इम्प्रोव्हायझेशन्स' लिहिली, आणि एल्गार हॉवर्थने पितळी वाद्यांसाठी त्यांची एक मालिका बांधली, 'फॅन्सीज, टॉइज अँड ड्रीम्स' नावाची. पानभराची रचना पितळी वाद्यांवर उभी राहते हे ऐकून तुमच्या शिक्षकांचंही मत थोडं हलेल, त्यांना जरूर ऐकवा.

आता पेटी. फार्नबीने एक अगदी छोटी रचना 'फॉर टू व्हर्जिनल्स' नावाने लिहिली आहे, दोन वाद्यांवर दोघांनी एकदम वाजवायची. कीबोर्डच्या जोडीसाठी लिहिलेल्या अगदी पहिल्या नमुन्यांत ती मोडते. एक जण साधी चाल वाजवतो, दुसरा त्याच वेळी तीच चाल अलंकारांनी भरून. मी ती दर वर्षी नव्या विद्यार्थ्याला पहिल्या महिन्यात देते, कारण साधा सूर आणि त्याची नक्षी एकाच क्षणी कानावर पडते, आणि फार्नबी एखादा लांब सूर नेमका कसा फोडतो हे शब्दांनी समजावायची गरज राहत नाही. मुलीला साध्या भागातला फक्त वरचा आवाज द्या, उजव्या हाताने येतो, डावा हात भात्याला मोकळा. ती वाजवताना काहीच नक्षी घालणार नाही हे तिला आधी सांगून ठेवा, पेटी शिकणाऱ्या मुलांचा हात लगेच हरकतींकडे जातो. तुम्ही पियानोवर नक्षीचा भाग घ्या. पेटी पियानोच्या सुरात लागलेली नसेल तर पियानोचा ट्यूनिंगचा आकडा थोडा वरखाली करून पेटीशी जुळवा, आणि या एका रचनेपुरतं मीनटोन बंद ठेवा, नाहीतर दोघांचे गंधार भांडतील. चार दिवस असं वाजवलंत की भाग बदला. नक्षी तिच्याकडे द्या आणि तुम्ही फक्त साधे, लांब सूर धरून बसा. ते धरून बसणं अवघड आहे, पण तिची बोटं तुमच्या सुरांवरून धावायला लागली की फार्नबीच्या घरात रिचर्ड लहान असताना काय चाललं असेल याचा अंदाज तुम्हाला येईल. जमलं तर मला कळवा, आणि कुठल्या मात्रेला दोघे सुटता तेही लिहा. माझ्या विद्यार्थ्यांच्या बहुतेक जोड्या शेवटाजवळ सुटतात, आणि त्यावर एक उपाय आहे: शेवटचे दोन सूर आधी एकत्र वाजवून ठेवा, मग एकेक सूर मागे येत सुरुवातीपर्यंत पोहोचा.